हेपॅटोमेगॅली, यकृत आणि जिगर

सोलापूरच्याच एका ताईंनी विचारलंय : मामांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘माइल्ड हेपॅटोमेगॅली’ असं आलंय. या शब्दाचा अर्थ काय, तो आला कुठून, आणि त्यात ‘मेगा’ आहे म्हणजे आजार मोठा आहे का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घोर त्याचाच असणार. इथलं ‘मेगॅली’ फक्त यकृताच्या आकाराबद्दल बोलतं : यकृत नेहमीपेक्षा मोठं दिसलं. म्हणून तर ‘माइल्ड’ त्याला खुशाल जोडता येतं. हे आजाराचं नाव नाही, तपासणीत आढळलेली गोष्ट आहे. तिच्यामागे साठलेली चरबी असेल, विषाणूची कावीळ, दारू, मलेरिया किंवा हृदयाची कमजोरीही असेल. ते डॉक्टरच ठरवतील. उलट सिऱ्होसिस, म्हणजे यकृत निबर होत जाण्याचा आजार, पुढे गेला की यकृत आक्रसतंसुद्धा. तेव्हा नुसत्या आकारावरून गांभीर्य ठरत नाही.

आता व्युत्पत्ती. ग्रीकमध्ये यकृताला ‘हेपार’ म्हणतात. त्याची षष्ठी ‘हेपातोस’, तिच्यातून ‘हेपॅट’ आलं. ‘मेगास’ म्हणजे मोठा. शब्द परका वाटतो खरा, पण त्याचे दोन्ही तुकडे आपल्या भाऊबंदांतले आहेत. ‘मेगास’ आणि संस्कृत ‘महत्’ एकाच मुळातले. ‘हेपार’ आणि ‘यकृत्’सुद्धा! कानाला पटत नाही, पण ध्वनींचे नियम पाहा. संस्कृतातल्या आरंभीच्या ‘य’च्या जागी ग्रीकमध्ये बरेचदा ‘ह’ येतो : संस्कृत ‘यः’, ग्रीक ‘होस’. आणि संस्कृतातल्या काही ‘क’च्या जागी ‘प’ : ‘कतर’, ग्रीक ‘पोतेरोस’. लॅटिनने मात्र ‘येकुर’ म्हणत दोन्ही ध्वनी राखले. त्याहून पक्का पुरावा विभक्तीत आहे. मुळात हा शब्द प्रथमेत ‘र’ आणि इतर विभक्त्यांत ‘न’ घेणारा होता. म्हणून संस्कृतात ‘यकृत्’ची षष्ठी ‘यक्नः’ होते. असली आडवळणाची रूपं कुणी उसनी घेत नाही, ती वारशानेच येतात.

फारसी ‘जिगर’ही याच मुळातलं, अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथात ते ‘याकर’ असं दिसतं. ‘य’चा ‘ज’ होणं आपल्याला नवीन नाही : यव-जव, यज्ञोपवीत-जानवं.

मग ‘काळीज’? ते वेगळ्या मुळातलं. यकृताच्या काळपट रंगावरून संस्कृतात त्याला ‘कालखण्ड’ आणि ‘कालेय’ म्हणत. अमरकोशात कालखण्ड आणि यकृत् समानार्थी दिले आहेत. ‘कालेय’वरून प्राकृतातून मराठी ‘काळीज’ आलं आणि पुढे हृदयाकडे सरकलं. मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ मागितली की मात्र अजून यकृतच मिळतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत विचारून पाहा, तेलुगूत यकृताला आजही ‘कालेयम्’च म्हणतात. कन्नडमध्ये ‘यकृत्तु’ आहे, दखनीत ‘जिगर’. दोन्ही मुळांचे शब्द असे एकाच गावात ऐकायला मिळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मराठीत काय म्हणावं? संधी केला तर ‘यकृद्वृद्धी’ होतं, ते उच्चारायला जड. ‘यकृत वाढलंय’ हे सरळ आणि अचूक. आपल्याकडे सर्रास ‘लिव्हरला सूज आली’ म्हणतात, ते मी टाळेन. सूज म्हणजे दाह. त्यासाठी ‘हिपॅटायटिस’ हा निराळा शब्द आहे. चरबीने यकृत वाढलं असेल तर तिथे दाह असेलच असं नाही.

रिपोर्टात कधी ‘हेपॅटोस्प्लेनोमेगॅली’ दिसलं, तर यकृताबरोबर प्लीहाही, म्हणजे आपली पानथरीही, वाढली असं समजावं. त्यातलं ग्रीक ‘स्प्लेन’ आणि संस्कृत ‘प्लीहन्’ हीसुद्धा एकाच मुळातली जोडी आहे.