न्यूयॉर्कच्या महिला हक्क परिषदेला पहिल्यांदाच जातेय, तयारी कशी करू?

तू लिहिलंयस की वय 22, बीडमध्ये ऊसतोड महिलांसोबत काम करतेस, मार्चमध्ये संस्थेकडून सीएसडब्ल्यूला (म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगाच्या बैठकीला) जायचंय आणि भाषण लिहायला बसलीस की काही सुचत नाहीये. मी आमच्याकडच्या मुलींची तयारी करून घेते, स्वतःही जाऊन आलेय, त्यामुळे सरळ अगंतुगं करतेय, चालवून घे.

भाषण आधी बाजूला ठेव. सगळ्या मुली दोन महिने भाषणच घासत बसतात आणि तिथे गेल्यावर कळतं की खरा खेळ भाषणाचा नाहीच, तो मसुद्याचा आहे. शेवटी जो ठराव येतो त्याचा कच्चा मसुदा बैठकीच्या काही आठवडे आधीच फिरायला लागतो आणि एकेका शब्दावरून देशादेशांत घासाघीस चालू असते. 2025 ला तर बीजिंग परिषदेला (1995 ची यूएनची जागतिक महिला परिषद) 30 वर्षं झाली म्हणून जे राजकीय घोषणापत्र होतं ते पहिल्याच दिवशी, 10 मार्चला, मंजूर होऊन मोकळं झालं, म्हणजे तुझं भाषण तिसऱ्या दिवशी असतं तर कितीही टाळ्या पडल्या तरी कागदावर काही हललं नसतं. म्हणून तुझं म्हणणं जानेवारीतच एका पानात लिही आणि संस्थेमार्फत आपल्या महिला व बालविकास मंत्रालयाला पाठव. उत्तर येईलच असं नाही, तरी पाठव, कारण तिथे मसुद्यावर बोलणी करतं ते सरकारचं शिष्टमंडळ, आपण नाही.

आणि त्या पानात मागणी एकच ठेव. 'महिलांचं सक्षमीकरण व्हावं' याला कोणी नाही म्हणत नाही आणि त्याने काही होतही नाही. तुझ्याकडे कसला जबरदस्त विषय आहे बघ. नवरा-बायको मिळून एकच कोयता (म्हणजे दोघांचं मिळून एकच माप) धरतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात, खाडा पडला की दंड, आणि ती बाई कुठल्याच कागदावर स्वतंत्र मजूर म्हणून दिसत नाही. मग मागणी अशी की हंगामी स्थलांतर करणाऱ्या बाईची नोंद आणि मजुरी तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी. हे ब्राझीलच्या मुलीला पण कळेल आणि केनियाच्या पण.

आकडे वापर पण मोजके. 2019 मध्ये बीडच्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, हा एक आकडा पुरे आहे, त्याच्यावर अजून दहा स्लाइड लावू नकोस. हो, आणि बायकांचे चेहरे दिसतील असे फोटो तर अजिबात नको, त्यांना विचारलं असलं तरी नको. मुकादमासमोर (म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदारासमोर) त्यांनाच उभं राहायचंय.

वाचायचं म्हणशील तर 1995 चा बीजिंग कृती आराखडा. त्यात 12 विषय आहेत, सगळे नको, आरोग्य, अर्थव्यवस्था आणि मुलींचं प्रकरण एवढं नीट वाच. दुसरं सीडॉ, तो बायकांवरचा भेदभाव संपवायचा 1979 चा करार, भारताने 1993 मध्ये मान्य केला पण काही कलमांवर हात राखून. त्यातलं एक 16(2), बालविवाह आणि लग्नाच्या नोंदणीबद्दलचं. टोळीत जायला जोडी लागते म्हणून लवकर उरकलेली लग्नं तू रोज बघतेस, त्यामुळे हे कलम तोंडपाठच कर, कोणीतरी विचारतंच.

पासची भानगड आधीच समजून घे. यूएनच्या इमारतीत जायचा पास फक्त यूएनची मान्यता असलेल्या संस्थेमार्फत मिळतो. तुमच्या संस्थेला ती मान्यता नसेल तरी घाबरू नको, समोरच्या चर्च सेंटरमध्ये आणि आजूबाजूला संस्थांचे स्वतंत्र कार्यक्रम चालतात, तिथे यूएनचा पास लागत नाही, आणि मला विचारशील तर ओळखी तिथेच होतात. दीड तासात पाच वक्ते, वर प्रश्नोत्तरं, म्हणजे तुझ्या वाट्याला सात-आठ मिनिटं. मराठीत बोलायचं असेल तर बिनधास्त बोल पण दुभाषी आपला न्यावा लागतो (यूएनच्या सहा भाषांत हिंदीसुद्धा नाही) आणि मग वेळ अर्धा होतो. मोडक्या इंग्रजीची लाज कोणी काढत नाही, निम्म्या लोकांचं तसंच असतं. घरी मोबाईलवर टायमर लावून आईसमोर बोलून बघ, आईला कंटाळा आला की तिथे कापायचं.

व्हिसाचं मात्र आजच बघ, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं खरं तर. अपॉइंटमेंटला वाट बघावी लागते, आणि 22 वर्षांची, अविवाहित, पगार कमी म्हटल्यावर परत येणार का हे विचारतात, त्यामुळे संस्थेचं पत्र, पगाराचा पुरावा, खर्च कोण करणार याचं पत्र सगळं एका फाइलमध्ये ठेव. मार्चमध्ये तिथे चांगलीच थंडी असते, जाड कोट कोणाकडून तरी मागून ने, विकत नको घेऊस. बॅगेत दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी टाक, तिथलं जेवण आपल्याला परवडत नाही.