राणी दिसत नाही, पण अंडी मात्र भरपूर!

प्रश्न : माझ्याकडे सातेरी मधमाशांच्या दोन पेट्या आहेत. एकीत बरेच दिवस राणी दिसेना, पण अंडी दिसायची म्हणून मी निवांत होतो. आता बघतो तर नरच नर झालेत, कामकरी माशा कमी आणि पोळ्याच्या एकेका घरात तीन-चार अंडी. पेटीत दोन राण्या आहेत का? (एक वाचक, जावळी)

उत्तर : दोन कुठल्या, बहुतेक एकही नाहीये. राणीचं पोट लांब असतं, ते घराच्या तळाला टेकतं, त्यामुळे ती एका घरात एकच अंडं घालते आणि तेही तळाला मधोमध (नवी राणी सुरुवातीला कधी दोन घालते, पण ते चार दिवसांचं कौतुक). तुमच्याकडची अंडी फ्रेम (पोळं असलेली चौकट) उन्हात तिरकी धरून बघा, घराच्या भिंतीला चिकटलेली दिसतील. ती कामकरी माशांनी घातलीयेत, आणि त्यांचं मिलनच झालेलं नसतं त्यामुळे त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. नराच्या घराचं झाकण फुगीर असतं आणि सातेरीत त्याला मधोमध बारीक भोक असतं, तेही बघून घ्या.

आता हे झालं कसं, तर राणी म्हणजे कोणी हुकूम सोडणारी बाई नाही, तिची कामं दोनच, अंडी घालणं आणि आपला वास पेटीभर पसरवत ठेवणं. तिला भरवणाऱ्या, चाटणाऱ्या माशा तो वास पुढे नेतात, त्या वासामुळे बाकीच्या माशा सहसा अंड्यांच्या भानगडीत पडत नाहीत. राणी गेली की काही तासांत पेटीला कळतं, मग अंडी किंवा अगदी कोवळ्या अळ्या असतील तर त्यातल्याच काही निवडून त्यांना शेवटपर्यंत रॉयल जेली (माशांच्या अंगात तयार होणारं दुधाळ खाणं) भरवतात (इतर अळ्यांना ती पहिले तीनेक दिवसच मिळते) आणि नवी राणी तयार होते. तुमच्याकडे ती झालीच नसेल किंवा झाली आणि मिलनाला बाहेर पडल्यावर वेड्या राघूनं टिपली असेल, हे फार होतं. राणी पुरती गेली आणि पिलावाही (अंडी-अळ्या) संपला की सातेरीत कामकरी माशा लवकरच अंडी घालायला लागतात.

विकतची राणी आणून सोडू नका, अशा पेटीत तिला बहुतेक वेळा मारून टाकतात. माशा अजून बऱ्यापैकी असतील आणि बाहेर हवा चांगली असेल तर दुसऱ्या पेटीतली ताजी अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली फ्रेम द्या, आठवड्यानं परत एक द्या, माशा राणीघरं (नवी राणी वाढवायची मोठी घरं) बांधायला लागल्या तर जमलं म्हणायचं, पण नवी राणी अंडी घालेपर्यंत महिना जातो आणि तोवर जुन्या माशा संपत येतात. पावसाळ्यात तर हा नाद नकोच, राणीला उडायलाच मिळत नाही. माझं मत विचाराल तर सरळ दुसऱ्या पेटीवर एक वर्तमानपत्राचा कागद घाला, त्याला दोनचार बारीक भोकं पाडा आणि त्यावर ही पेटी ठेवून द्या. कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडचा वास एक होतो, मारामारी कमी होते.

प्रश्न : पेटी फुटते, म्हणजे बऱ्याच माशा नवं घर करायला उडून जातात, तेव्हा राणीच सगळ्यांना घेऊन जाते ना?

उत्तर : उलटंय, तिलाच नेतात! कामकरी माशा आधी तिचं खाणं कमी करतात म्हणजे ती हलकी होऊन उडू शकेल. जाते ती जुनी राणी, नवी मागे राहते. म्हणून फ्रेमच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबणारी राणीघरं दिसली की लगेच पेटीचं विभाजन करून टाका, म्हणजे एकीच्या दोन पेट्या करा.