फोन म्हणतो पोचलात, पण जिओकॅशचा डबा सापडतच नाही. काय करावं?

जिओकॅश म्हणजे कुणीतरी लपवलेला, जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा डबा. समुद्रावरच्या कड्यावर तुम्ही दोनदा जाऊन आलात, ॲप शून्य मीटर दाखवतं आणि डबा मात्र गायब. माझंही पहिल्या खेपेला हेच झालं.

आम्ही बेळगावकर, समुद्र आमच्या वाट्याला सुट्टीपुरताच. दिवाळीत मी आणि आतेभाऊ वेंगुर्ला रस्त्यानं आंबोली उतरून गेलो. कडा कुठला ते सांगत नाही, पुढच्याची मजा जाईल. पहिला तास माझ्या शहाणपणात गेला. जिओकॅशच्या जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, अंश आणि दशांश मिनिटांत देतात. १५ अंश ४३.३०० मिनिटं म्हणजे ४३ मिनिटं १८ सेकंद. मी हातानं टाकताना ३० सेकंद टाकले. १२ सेकंदांची चूक, जमिनीवर सुमारे ३७० मीटर! कुणाच्या तरी काजूच्या बागेत आम्ही खाली माना घालून फिरतोय आणि मालक विचारतोय, "काय शोधतास?" काय सांगणार की! आकडे आधी तपासा.

आकडे बरोबर असतील तर शेवटच्या दहा मीटरात फोन खिशात टाका. मोकळ्या आभाळाखालीही फोन पाचेक मीटर इकडेतिकडे होतो. डबा लपवणाऱ्याच्या यंत्रातही तेवढी चूक असू शकते. शून्य आकड्यावर भरवसा ठेवून एकाच दगडाभोवती फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. तरी हे बरंच म्हणायचं. २ मे २००० रोजी अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली, त्याआधी सामान्य माणसाला शंभर मीटरपर्यंत फरक यायचा. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये डेव्ह अल्मरनं पहिला डबा लपवला.

मग बघायचं काय? जे निसर्गानं केलेलं वाटत नाही ते. कड्यावर सगळा जांभा, भोकाभोकांचा. आमच्या कठड्याखाली सगळ्या दगडांवर शेवाळ होतं, तीन दगडांवर मात्र नव्हतं. कुणीतरी हलवल्याशिवाय असं होत नाही. मागे झाकणाचा डबा, आत शोधणाऱ्यांनी नाव लिहायची ओलसर वही आणि किरकोळ वस्तू. हात घालण्याआधी काठीनं ढोसून बघा हं, जांभ्याच्या भोकात विंचू बसतात. डबे पुरायचे नाहीत असा नियम आहे, तेव्हा कुदळीचा विचार सोडा. ॲपमधली, जागा सुचवणारी गिचमिड ओळ वाचलीत का? इंग्रजी अक्षरं तेरा घरं पुढे सरकवली की उलगडते.

डब्यातलं काही घेतलं तर त्याच तोलाचं काही ठेवायचं. भाऊ कुंदा ठेवायला निघाला होता! खायचं ठेवायचं नाही, मुंग्या वहीसकट फस्त करतात. किल्लीची साखळी ठेवली.

आणि 'सापडला नाही' अशी नोंद ॲपवर केलीत का? पावसाळ्यात डबा वाहूनही गेला असेल. तुम्ही लिहिलं नाही तर ठेवणाऱ्याला कळणार कसं?