घरपोच कार डिटेलिंग सुरू करतोय, प्रेशर वॉशर कोणता घेऊ?

तुम्ही नाशिकमध्ये जुन्या मारुती ईको व्हॅनमधून घरोघरी जाऊन गाड्या धुण्याचं आणि डिटेलिंगचं, म्हणजे आतून-बाहेरून बारकाईने सफाईचं, काम सुरू करताय, हाताशी 60 हजार आहेत, आणि 170 बारचं (बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप) मशीन घ्यावं की बॅटरीवरचं, असं विचारलंय. मी पुण्यात सहा वर्षं हेच काम करतोय. बाणेरपासून वाघोलीपर्यंत सोसायट्यांच्या पार्किंगमध्येच माझा दिवस जातो. बारचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. ज्या पार्किंगमध्ये तुम्ही उभे राहणार, तिथे वीज कुठली मिळणार आणि पाणी कुणाचं वापरणार, ते आधी ठरवा. मशीन त्यावरून ठरतं.

आधी वीज. पार्किंगच्या खांबावर बहुतेक ठिकाणी 6 अँपिअरचा साधा सॉकेट असतो. 6 गुणिले 230 म्हणजे 1380 वॉट. त्यावर 1800 वॉटचं मशीन लावलं की सॉकेट तापतो नाहीतर एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, पडतो, मजल्यावरचे दिवे जातात आणि पुढच्या खेपेला वॉचमन गेटवरच अडवतो. 16 अँपिअरच्या सॉकेटवर 3680 वॉटपर्यंत भार चालतो. म्हणून मी बुकिंग घेतानाच प्लग पॉइंटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. गीझरचा असतो तसा मोठ्या भोकांचा सॉकेट दिसला की निश्चिंत. मशीन आणि व्हॅक्यूम एकाच वेळी मात्र कधी चालवू नका.

एक्स्टेंशन बोर्ड दुकानातला तयार घेऊ नका. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तीन तारांची केबल घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड बनवून घ्या, त्यातच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवायला सांगा. वापरताना केबल पूर्ण उलगडायची. रिळावर गुंडाळलेली केबल भाराखाली तापते आणि आवरण वितळतं. तुम्ही ओल्या फरशीवर उभे असणार, सोबत कदाचित एखादा पोरगाही असेल. मशीन जुनं घेतलंत तरी चालेल, पण इथे पैसे वाचवू नका, ही कळकळीची विनंती.

ईकोच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून मशीन चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. 12 व्होल्टवरून 1800 वॉट ओढायचे म्हणजे 150 अँपिअरच्या वर करंट जातो. पेट्रोल इंजिनवालं मशीन मोकळ्या मैदानात ठीक आहे, बेसमेंटमध्ये अजिबात नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो जीव घेतो.

आता तुमचे 170 बार. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेकदा कमाल दाबाचा असतो. मशीनच्या कुशीला चिकटवलेली छोटी पट्टी वाचा, तिथे रेटेड (सतत चालतानाचा) आणि मॅक्स (कमाल) असे दोन आकडे असतात. पडताळायची सोपी रीत अशी: बार गुणिले मिनिटाला किती लिटर, भागिले 600, की किलोवॉट निघतात. 170 बार आणि 7 लिटर म्हणजे जवळपास 2 किलोवॉट. जे मशीन विजेचे 1800 वॉट खातं ते पाण्याला 2 किलोवॉट कुठून देणार? काम करताना ते 100–110 बारवरच चालणार. आणि गाडीच्या रंगाला 80 ते 100 बार पुरेसे होतात. जास्त दाबाने, जवळून, जिथे रंगाचा टवका आधीच उडालाय तिथून कडा सोलून निघते. हिरवा 25 अंशांचा किंवा पांढरा 40 अंशांचा नोझल लावा आणि हातभर अंतर ठेवा. लाल, म्हणजे 0 अंशांचा, किटमधून काढून घरीच ठेवा.

दाबापेक्षा मोटर महत्त्वाची. स्वस्त मशीनमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते. रविवारी घरची एक गाडी धुणाऱ्याला ती उत्तम. माझं पहिलं मशीन असंच, 8,500 रुपयांचं होतं, आणि मी त्यावर रोज पाच गाड्या धूत होतो. चौथ्या महिन्यात, ऐन मे महिन्यात, एका पांढऱ्या क्रेटावर सगळीकडे फोम मारून झाला आणि गनमधून पाणी यायचं थांबलं. मागून जळका वास. उन्हात फोम वाळायला लागला होता. त्या घरातल्या काकूंनी बादल्या भरून दिल्या म्हणून गाडी डागांपासून वाचली. संध्याकाळी मशीन उघडलं तर कार्बन झिजून करंगळीच्या नखाएवढा उरला होता आणि कम्युटेटर, म्हणजे कार्बन जिथे घासतो तो तांब्याचा भाग, काळाठिक्कर. त्यानंतर इंडक्शन मोटरचं, म्हणजे कार्बन ब्रश नसलेलं, मशीन घेतलं, 23,000 ला. जड आहे, पण चाकांवर ओढता येतं, आवाज कमी, आणि दिवसभर चालतं. चालू होताना ते क्षणभर कित्येक पट करंट ओढतं, म्हणून 16 अँपिअरचा सॉकेट त्याला लागतोच.

ट्रिगर सोडला की मोटर आपोआप बंद होते का, तेही बघा. ती सोय नसेल तर पाणी पंपातच फिरत राहून तापतं आणि सील जातात. तुम्ही ग्राहकाशी दोन मिनिटं बोलत राहिलात तर आधी स्विच बंद करा.

गन आणि फोम कॅनन (गनला लावायची फेस मारणारी बाटली) वेगळे घेताना आटे तपासा. बाहेरून दोन्ही एम22 दिसतात, पण आतली दांडी एकात 14 मिलिमीटरची, दुसऱ्यात 15 ची असते. 14 ची दांडी 15 च्या भोकात बसते खरी, पण दाब आला की सांध्यातून फवारा उडतो आणि माणूस दिवसभर ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, बदलत बसतो. व्हर्नियर कॅलिपर खिशात घेऊनच दुकानात जा. फोम कॅननमध्ये साधारण 1.25 मिलिमीटरचं जेट येतं. मिनिटाला सहा-सात लिटरवाल्या मशीनला 1.1 चं लावा, मग फोम दाट येतो.

बॅटरीवरच्या मशीनचं थोडक्यात: 20 व्होल्ट, 4 अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत 80 वॉट-अवर असतात. 300 वॉटचा पंप त्यावर पंधरा मिनिटं चालेल. धूळ उडवायला आणि स्कूटरला छान, चिखलाने माखलेल्या चाकांच्या खोबणीला नाही. दुसरं साधन म्हणून नंतर घ्या.

पाण्याचा हिशेब असा. एका हॅचबॅकला ट्रिगर दाबलेला वेळ धरून चार-पाच मिनिटं, म्हणजे 30–35 लिटर. फोम आणि दोन बादल्या मिळून 50. सहा गाड्यांना 300 लिटर, म्हणजेच 300 किलो, ईकोत चार-पाच माणसं बसवल्यासारखं. एकच मोठी टाकी घेऊ नका. अर्धी रिकामी झाली की ब्रेक मारल्यावर आतलं पाणी गाडीला पुढे ढकलतं. 50–50 लिटरचे कॅन खालीच, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, पट्ट्याने घट्ट बांधा. सोसायटीचं पाणी मिळेल यावर धंदा उभा करू नका. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली, 5,000 रुपये दंड होता. उन्हाळ्यात कपात सुरू झाली की सोसायटीवाले सगळ्यात आधी गाड्या धुणं बंद करतात. बोअरचं पाणी मिळालं तरी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवून बघा. 500 च्या वर असेल तर काळ्या गाडीवर वाळू देऊ नका, पांढरे ठिपके कापडाने जात नाहीत. मी शेवटचा हात आरओच्या पाण्याने, हातपंपाच्या स्प्रेने मारतो. दोन लिटर पुरतात.

नुसती धूळ बसलेल्या गाडीला मशीन लागतच नाही. रिन्सलेस, म्हणजे नंतर पाण्याने धुवावा न लागणारा, शाम्पू 256 ला 1 या प्रमाणात, म्हणजे 10 लिटरला साधारण 40 मिली, आणि आठ-दहा स्वच्छ मायक्रोफायबर. प्रत्येक घडी एकदाच वापरायची. पावसाळ्यातल्या चिखलाच्या गाडीला मात्र हे करू नका, क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बारीक ओरखड्यांचं जाळं पडतं.

60 हजारांत माझ्या मते 25 हजारांपर्यंतचं इंडक्शन मशीन, चांगला वेट-ड्राय व्हॅक्यूम, केबल, कॅन आणि भरपूर कापडं येतात. थोडे पैसे दुरुस्तीसाठी मागे ठेवा. आणि पैसे मोजायच्या आधी दुकानदाराकडे एक बादली पाणी मागा. पुष्कळ मशीन्स नळाच्या दाबावर झकास चालतात, पण जमिनीवरच्या बादलीतून पाणी ओढत नाहीत. तुम्हाला रोज कॅनमधूनच पाणी घ्यायचंय, तेव्हा सक्शन पाइप बादलीत सोडून तिथेच दहा मिनिटं चालवून बघा, आणि याचे सील आणि गनचे पार्ट नाशिकमध्ये कुठे मिळतात, ते दुकानाचं नाव लिहून घ्या.