सॅन स्टॉर्म गाडीच्या डॅशबोर्डवर बाजारातून वेगळी घेतलेली ट्रिम (चिकटवायच्या सजावटीच्या पट्ट्या) गोव्याच्या पावसाळ्यात टिकेल का?
टिकेल, पण जून-जुलैच्या दमट हवेत लावू नका. सॅन स्टॉर्म ही आपल्या गोव्यातच बनलेली गाडी, पण तिच्या मापाचं किट मिळणं कठीण. तुकडे कापूनच जुळवावे लागतील. तुकड्यांमागच्या चिकट टेपचा कागद काढण्याआधी प्रत्येक तुकडा नुसता ठेवून बघा, कडा घासून घ्या. टेपच्या पकडीचा खरा घात करतं ते डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन. नुसत्या ओल्या फडक्याने ते जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीनचं असेल तर आधी प्रायमर (टेप नीट धरावी म्हणून लावायचा द्रव) हवाच. व्हीएचबी टेपला (जोरदार पकडीची दुहेरी चिकट टेप) पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, तोवर गाडी उन्हात ठेवू नका. आणि काढलेले मूळ तुकडे कृपा करून जपून ठेवा, ते पुन्हा मिळणं मुश्कील आहे.