पाइप ऑर्गनचा खर्ज गायब होतोय? कानांवर शंका घेण्याआधी स्पीकरच्या तारा बघा

नमस्कार. तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय. हेडफोनवर पाइप ऑर्गन (चर्चमधलं, नळ्यांत वारा सोडून वाजणारं मोठं वाद्य) भरदार वाटतो, पण गुहागरच्या घरी स्पीकरवर तेच रेकॉर्डिंग पोकळ लागतं. स्पीकर नुकतेच दुरुस्त होऊन आलेत. या चर्चेतले लोक पेडलच्या, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या, सुरांचं कौतुक करतात तेव्हा आपल्याला तसं काही ऐकूच आलेलं नसतं, मग मत काय द्यायचं, असं तुम्ही विचारलंय. हे सगळं जसंच्या तसं माझ्या वाट्याला आलं आहे. फोनवर ऐकू नका वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

आधी एवढं करा. अ‍ॅम्प्लिफायरचा बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवून ऐका, मग पूर्ण उजवीकडे. एकेकटा स्पीकर वाजताना खर्ज येतो आणि दोन्ही मिळून वाजले की जातो, असं झालं तर बहुतेक एक स्पीकर उलटा जोडलेला आहे. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या सुरांचं नुकसान त्या मानाने कमी, म्हणून भावगीतं, बातम्या ऐकताना काही बिघडलंय असं पटकन वाटत नाही. ऑर्गनची मात्र सगळी इमारत खालच्या सुरांवर उभी असते. सोळा फुटी स्टॉपचा (स्टॉप म्हणजे एका जातीच्या नळ्यांचा संच, फूट म्हणजे त्यातल्या सर्वांत लांब नळीची साधारण लांबी) सगळ्यात खालचा सूर, सी, साधारण ३३ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, बत्तीस फुटीचा १६ च्या आसपास. तिथेच चोरी झाली तर उरतं ते चर्चमधल्या शिट्ट्यांसारखं काहीतरी.

माझ्या स्पीकरच्या वूफरभोवतीची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या भागाभोवतीची, फोमची कड खाऱ्या हवेने झडली होती. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला दिले. कंपनीचं नाव लिहीत नाही, तो विषय इथे नको. बरेच दिवस ठेवून परत दिले आणि घरी आल्यापासून खर्ज नाही. पुन्हा घेऊन गेलो. एसटीच्या टपावर नाही, आत मांडीवर घेऊन, कारण खोकं मोठं आणि रस्ता कसा आहे ते तुम्ही जाणताच. काउंटरवरच्या माणसाने एक सिनेमाचं गाणं मोठ्या आवाजात लावलं, एका स्पीकरवर, आणि म्हणाला, वाजतोय की व्यवस्थित. मी म्हटलं, दोन्ही एकदम लावा. त्याला वेळ नव्हता. माझी सीडी हातात घेऊन बघितली आणि सांगितलं की चर्चचं म्युझिक असंच असतं, रेकॉर्डिंग जुनं असेल. कागदावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून तपासणीचे पैसे घेतले. पुढच्या वेळीही तेच, फक्त माणूस वेगळा. आपण बिघडवलेली वस्तू तपासायला पाच मिनिटं द्यायची नाहीत आणि गिऱ्हाइकाच्या कानांवर खापर फोडायचं, याची चीड अजून गेलेली नाही. पैशांचं सोडा. त्या कागदामुळे कितीतरी दिवस मी माझ्याच कानांवर भरवसा ठेवला नाही. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला आर्प श्निटगरने बांधलेला १६९३ चा ऑर्गन, ज्याच्या पेडलसाठी लोक जीव टाकतात, तो मला पातळ वाटत राहिला आणि चर्चेत मी गप्प बसत गेलो.

दोष शेवटी सापडला तो आमच्या जत्रेत दशावताराला माइक-स्पीकर लावणाऱ्या पोराला. त्याने भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला, स्पीकरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवल्या, पुढची जाळी काढली आणि सेलची अधिक बाजू लाल टोकाला, उणे बाजू काळ्या टोकाला क्षणभर टेकवली. टक् असा आवाज झाला आणि पडदा बोटभरही नाही, जेमतेम दिसेल इतका पुढे आला. दुसऱ्या स्पीकरला तेच केलं, तर पडदा आत गेला. “ह्यो उलटो जोडलेलो आसा,” एवढंच म्हणाला. वूफर बदलताना सेंटरवाल्याने आतल्या दोन तारांची अदलाबदल केली होती. पोराने चार स्क्रू काढून ती सरळ केली.

तुम्हीही ही सेलची परीक्षा करू शकता, पण तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवल्याशिवाय अजिबात नाही, आणि सेल दीड व्होल्टचाच हवा. क्षणभर टेकवा, धरून ठेवू नका. ज्या स्पीकरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो त्यांना हे लागू नाही. गॅरंटी चालू असेल तर खोकं उघडू नका, पण काउंटरवर उभं राहून दोन्ही स्पीकर एकदम लावायला सांगा आणि दोन्हींचे पडदे सेलने तपासून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला नाही, सोसलेलं सांगतोय.

ऐकून खात्री करायला जर्मन संगीतकार बाखची सी मायनर पासाकालिया (खर्जातली एक ओळ पुन्हापुन्हा घेऊन तिच्यावर रचलेली कृती) लावा. सुरुवातीला हात रिकामे असतात, आठ बारची (मात्रांच्या आठ गटांची) ओळ एकट्या पेडलवर येते, आणि मग तिच्यावर वीस व्हेरिएशन्स, म्हणजे बदलती रूपं, उभी राहतात. एक स्पीकर उलटा असेल तर ती पहिली ओळ दोन खोल्यांपलीकडून आल्यासारखी वाटेल. दोन्ही सरळ असतील तर प्रत्येक सुराला वजन असेल. अचूक कुठून येतोय हे खालच्या सुरांचं कळणार नाही, ते ठीक आहे.

यातच आणखी एक. आपल्याकडे अर्थिंग नावापुरतं असतं आणि स्पीकरमधून बारीक घूं येत राहतं. वीज ५० हर्ट्झची, आणि सोळा फुटी स्टॉपचा खालचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे ती घरघर नेमकी पेडलच्या सुराला चिकटून बसते आणि दोन्ही मिळून हेलकावे ऐकू येतात. आधी काहीही न लावता नुसता आवाज वाढवून कान द्या. घरघर असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग बघून घ्या, ऑर्गनला दोष देऊ नका.

आता मत मांडण्याबद्दल. हे माझं मत, इथल्या बऱ्याच जणांना पटणार नाही. नुसत्या रचनेबद्दल लिहिलेलं मत मी अर्धं धरतो. ऑर्गन कुठला, कुणी बांधला, चर्च किती घुमतं, हे आलं पाहिजे. एकच पद दोन गायकांकडून ऐकल्यावर आपण जसं बोलतो, तसं एकच रचना दोन ऑर्गनवर ऐकून बोला. फ्रेंच संगीतकार विडोरचा टोकाटा (बोटांच्या चपळाईची रचना) घ्या. पॅरिसच्या सॅं-स्युल्पिस चर्चमध्ये काव्हाये-कोलने बांधलेला १८६२ चा ऑर्गन आहे, आणि विडोर तिथे १८७० पासून १९३३ पर्यंत वादक होता. १९३२ मध्ये, ८८ व्या वर्षी, त्याने स्वतः हा टोकाटा तिथेच रेकॉर्ड केला. लय इतकी संथ ठेवलीय की आजचे बरेच वादक त्याच्यापुढे पळताना वाटतात. खर्ज त्या जुन्या तबकडीत शोधू नका, पण लय ऐका. एवढ्या मोठ्या वास्तूत पळवलं तर सूर एकमेकांवर सांडतात आणि नुसता गोंगाट उरतो. वेगाचं कौतुक करणाऱ्यांशी माझं इथेच वाजतं.

तुम्ही लिहिलंय की ऑर्गन यांत्रिक वाटतो. आपले कान संगीत नाटकातल्या ऑर्गनवर, पायपेटीवर तयार झालेले. तिथे पत्ती असते, भात्याच्या दाबाने सूर फुगवता-दबवता येतो. पाइपला वारा ठरावीक दाबाने मिळतो, पट्टी कितीही जोराने दाबा, आवाज तेवढाच. वादकाच्या हातात राहतं ते सूर किती वेळ धरायचा आणि दोन सुरांमध्ये किती जागा सोडायची. भाव त्या जागांमध्ये आहे. मोठ्या टोकाट्यांऐवजी बाखच्या ट्रिओ सोनाटा ऐका, उजवा हात, डावा हात आणि पाय, तीन वेगळ्या ओळी. तिथे या जागा स्पष्ट कळतात. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चमध्ये म्युलरने बांधलेला १७३८ चा ऑर्गन आहे, दहा वर्षांच्या मोझार्टने १७६६ मध्ये तो वाजवला होता. त्यावरची रेकॉर्डिंग्ज मला विशेष आवडतात.

पावसाळ्यात कौलांवर पाऊस पडताना स्पीकरवर हट्ट धरू नका, हेडफोनवरच ऐका. वूफर पुन्हा बदलायची वेळ आली तर फोमऐवजी रबराची कड असलेला घ्या, आपल्या हवेत तो जास्त टिकतो. सीडी कपाटात भिंतीला चिकटवून ठेवू नका, भिंतीचा जांभा चिरा ओल धरतो.

सेल लावल्यावर दोन्ही पडदे कुठल्या बाजूला गेले ते इथे लिहा, आणि तुम्ही नेमकं कुठलं रेकॉर्डिंग ऐकत होतात तेही. ते माझ्याकडे असेल तर मीही लावून बघतो.