रॅम्पची जुनी व्हॅन घेताना खुर्ची कशी बांधली जाते ते आधी पाहावे

आपण साताऱ्याहून विचारले आहे की, व्हीलचेअरवर असलेल्या वडिलांसाठी सांगलीत रॅम्प बसवलेली जुनी व्हॅन मिळते आहे, तर ती घेताना काय तपासावे. माझ्या आईसाठी अशीच व्हॅन आम्ही सांगलीत घेतली, तेव्हा रॅम्प नीट उघडतो आणि खुर्ची आत जाते एवढेच पाहून पैसे दिले. आठवड्याभरात मिरज रस्त्यावर म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि खुर्ची बांधण्यासाठी तळाला बसवलेला मागचा एक हुक स्क्रूसकट उपटून आला. खुर्ची तिरकी होऊन आईचे गुडघे पुढच्या सीटवर आदळले. सुदैवाने मुका मार लागला, पण मॅट उचलल्यावर दिसले की चारही हुक नुसत्या पत्र्यात स्क्रूने बसवलेले होते.

म्हणून आपण आधी मॅट उचला, मग गाडीखाली वाकून पाहा. प्रत्येक हुक आरपार बोल्टने आणि खालून जाड पोलादी पट्टी देऊन बसवलेला असावा. खुर्चीचे तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला असावे, पुढे दोन आणि मागे दोन असे चार पट्टे तिच्या मुख्य सांगाड्याला बांधता यावेत, चाकांना किंवा पाय ठेवायच्या पट्टीला कधीही नाही. वडिलांसाठी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा वेगळा पट्टा गाडीच्याच बॉडीला जोडलेला हवा, कारण खुर्चीचा स्वतःचा कमरपट्टा फक्त बसण्याचा तोल सांभाळण्यापुरता असतो.

रॅम्पचा चढही मोजून घ्यावा. इमारतींसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण मानतात, पण गाडीचा तळ दोन फूट उंच असेल तर त्या हिशेबाने चोवीस फुटांचा रॅम्प लागेल, जो कोणत्याही गाडीत मावणार नाही. आठ फुटांच्या रॅम्पवर चढ साधारण एकास चार पडतो, आणि वडील व खुर्ची मिळून ९० किलो धरले तर ढकलणाऱ्याला सुमारे २२ किलोचा जोर सतत लावावा लागतो. हा जोर घरात रोज कोण लावणार आहे, त्याच व्यक्तीला ढकलायला लावून पाहा. उतरवताना खुर्ची नेहमी उलटी, म्हणजे ढकलणारा खालच्या बाजूला राहून, हळूहळू उतरवावी. गाडी पाहायला जाताना वडिलांना बरोबर न्यावे आणि त्यांच्याच खुर्चीत बसवून आत चढवून पाहावे, कारण दारात डोके लागते की नाही ते टेपने मोजून नेमके कळत नाही.

कागदपत्रांत आरसीवरील आसनसंख्या आणि इंधन प्रत्यक्ष गाडीशी जुळते का, ते पाहावे. मागची सीट काढली असेल किंवा सीएनजीची टाकी बसवली असेल आणि त्याची नोंद नसेल, तर विम्याचा दावा करताना अडचण येऊ शकते. विमा कंपनीलाही रॅम्पची माहिती लेखी द्यावी.

सांगलीची गाडी असल्यामुळे आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी शहरात शिरले होते, त्यामुळे गाडी त्याआधीची असेल तर पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग धुऊन स्वच्छ करतात, पण आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची तपकिरी रेघ बहुधा तशीच राहते. ती दिसली तर रॅम्प कितीही चांगला असला तरी ती गाडी घेऊ नका.